देवाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका

शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या देवळाजवळ मुठेवर जो पूल आहे, त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. शिंदे धर्माचे गाढे अभ्यासक. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला राहून त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला, परत आल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. ईश्वरावर मनापासून विश्वास असलेल्या या माणसाच्या नावाच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. दाभोलकर स्वतः देव मानत नसत.

पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर, याच पेठेत, ‘साधना’ साप्ताहिकाचं कार्यालय आहे. १९९८ पासून अखेरपर्यंत दाभोलकर त्याचे संपादक होते. ‘साधना’ सुरू केलं साने गुरुजींनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी. गुरुजी भक्तच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनाही विठोबाचं दर्शन मिळावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण केलं होतं. पहिला संपादक भक्त, पुढचा एक नास्तिक, आणि साप्ताहिक तेच. जात मोडली पाहिजे, दुबळ्याच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे, मतभेद असला तरी माणसावर हात उगारायचा नाही, या गोष्टींत दोघांमध्ये फरक काढून दाखवणं कठीण आहे. देव आहे का, या एका प्रश्नावर मात्र त्यांचं एकमत झालं नसतं.

ज्यांची श्रद्धा सैल झाली आहे, पण जे स्वतःला नास्तिकही म्हणवत नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असे लोक पुण्यात घरोघरी आहेत. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावतात, पण हात जोडताना समोर कोणी ऐकतंय असं आता वाटत नाही. वडिलांच्या आजारपणात नवस बोलले, वडील गेले, आणि त्यानंतर मन तिथे परत लागलंच नाही. काहींचं वाचनामुळे झालं, काहींचं देवस्थानांतला व्यवहार बघून. मग एक पोकळी राहते, आणि तिच्या काठावर बसून माणूस म्हणतो, ‘आधी देवाचं काय ते नक्की होऊ दे, मग कसं जगायचं ते ठरवू.’ मला अगदी मनापासून सांगायचं आहे की हा क्रम उलटा आहे. देवाच्या प्रश्नाचा निकाल कदाचित तुमच्या हयातीत लागणार नाही. तोवर पोरं मोठी होतात, आईवडील थकतात, नोकरीत सही करायची की नाही असे प्रसंग येतात. त्या प्रसंगी जे लागतं त्याची तयारी आजपासून करता येते, आणि त्यासाठी देवाबद्दल खात्री असावी लागत नाही.

सुरुवात कशी करायची? गोपाळ गणेश आगरकरांनी केली तशी. आगरकर अज्ञेयवादी. ईश्वराबद्दल निश्चित काही सांगता येत नाही, असं मानणारे, आणि त्या काळच्या पुण्यात ते उघडपणे लिहिणारे. एम.ए.च्या सुमारास त्यांनी आपल्या आईला एक पत्र लिहिलं. मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, अशी आशा त्या माउलीने धरली असणार. आगरकरांनी तिला कळवलं की मी फार पैसा मिळवणार नाही, पोटापुरतं मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांच्या कामी लावीन. हे पत्र मराठी घरांत अनेकांना माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट आपण सहसा बघत नाही. आगरकरांनी आपलं मूल्य कळवलं ते ज्या व्यक्तीला त्याची किंमत मोजावी लागणार होती तिलाच. त्यामुळे तो बेत मनातल्या मनात न राहता वचन झाला. पुढे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, मग ‘केसरी’चं संपादकपद, डोंगरीचा तुरुंग, १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’, फर्ग्युसनचं प्राचार्यपद, आणि सोबत कायमचा दमा. १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता ते गेले. परलोकात कोणी हिशेब मांडेल ही आशा त्यांना नव्हती, तरी ते वचन त्यांनी पाळलं.

तुम्हीही असं पत्र लिहू शकता. मात्र त्याआधी स्वतःची थोडी झडती घ्यावी लागेल, कारण ‘माझी मूल्यं कोणती’ असं थेट विचारलं की आपण सगळेच प्रामाणिकपणा, माणुसकी, समता अशी चांगली चांगली नावं घेतो. त्यापेक्षा एका रविवारी दुपारी वही घेऊन बसा. बँकेचं पासबुक किंवा मोबाइलवरचे गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार उघडा. पोटाला आणि हप्त्यांना गेलेला पैसा बाजूला ठेवा. उरलेला स्वतःहून कुणावर, कशावर खर्च केलात? मग वेळ बघा. कुणीही सांगितलेलं नसताना तुम्ही कुठे गेलात, कुणासाठी थांबलात? आणि तिसरी, सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे अलीकडे मनापासून संताप कधी आला आणि शरम कधी वाटली, ते आठवा. भाजीवालीशी कोणी उर्मटपणे बोललं म्हणून रक्त उसळलं असेल, तर तुमच्यात समता आधीपासून आहे, तिच्यासाठी ग्रंथ शोधायला नको. घरकामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कप दिला गेला आणि तुम्ही गप्प बसलात, ते आठवून आजही कसंनुसं होत असेल, तर तेही मूल्यच आहे, फक्त अजून पाळलं न गेलेलं.

या वहीतून निघालेल्या सगळ्याच गोष्टी ठेवण्यासारख्या नसतात, हेही सांगायला हवं. आपल्याला घरातून जे ‘संस्कार’ म्हणून मिळालं त्यात आल्यागेल्याला उपाशी न पाठवणं आहे, आणि कुणाच्या हातचं खायचं नाही हेही आहे. दोन्ही एकाच आजीने, एकाच मायेने शिकवलेलं असतं. धर्म मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही यातलं निवडून घ्यावं लागतं. दाभोलकर आपल्या व्याख्यानांत श्रद्धेला काही कसोट्या लावत: ती सत्याला धरून आहे का, अहिंसक आहे का, काळाप्रमाणे बदलायला तयार आहे का, आणि माणसाचा मूल्यविवेक वाढवते का. मला या कसोट्या फार मोलाच्या वाटतात, कारण त्या अश्रद्धेलाही जशाच्या तशा लागू पडतात. नास्तिक झाल्यावर जो माणूस घरच्यांना मूर्ख ठरवू लागतो, स्वतःच्या मतावर प्रश्न आला की चिडतो, त्याची नास्तिकताही या कसोट्यांवर उतरत नाही. तुमच्या वहीतल्या प्रत्येक ओळीला हे चार प्रश्न विचारा. जी ओळ टिकेल ती ठेवा.

मग ते पत्र लिहा. बायकोला, नवऱ्याला, मुलीला, भागीदाराला, ज्याला झळ लागणार आहे त्याला. दोन-तीन वाक्यं पुरेत. ‘लाच देऊन काम करून घेणार नाही, म्हणून आपल्या घराचं काम रखडेल.’ ‘दर महिन्याला अमुक रक्कम एका मुलाच्या शिक्षणाला जाईल.’ खाली तारीख घाला. वर्षाने पुन्हा काढून वाचा.

घरातल्या देवाचं काय करायचं, हा यापेक्षा अवघड भाग, आणि बहुतेकांची खरी अडचण हीच असते. आई सोवळ्यात पूजा करते, सासूबाईंना सत्यनारायण हवा असतो, गणपती तर आख्ख्या वाड्याचा. इथे मी महात्मा फुल्यांची आठवण करून देईन. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असं एक कुटुंब कल्पिलं आहे, जिथे बाई बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सगळे एका घरात प्रेमाने राहतील. एकोणिसाव्या शतकात, पुण्यात राहणाऱ्या माणसाने ही कल्पना केली. आपल्या घरात एक जण पूजा करणारा आणि एक न करणारा, एवढं तर आपल्याला जमायलाच हवं. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत.

तेव्हा आईच्या पूजेची फुलं आणून द्या. आरतीला उभे राहा, आवडत असेल तर टाळही घ्या. सूर आणि माणसं तुमचीही आहेत. पण काही ठिकाणी रेघ ओढावी लागते, आणि ती कुठे हे आधीच ठरवलेलं बरं. माझ्या मते जिथे कुणाचा अपमान होतो, कुणाला बाहेर ठेवलं जातं किंवा कुणी लुबाडलं जातं, तिथे. हळदीकुंकवाला विधवा जाऊबाईंना बोलावलं जात नसेल, तर बोलायला हवं. पाळी आलेल्या मुलीला स्वयंपाकघरात येऊ देत नसतील, तर बोलायलाच हवं. आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता एखाद्या बाबाकडे नेत असतील, तर तिथे भीड धरू नये. महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे. दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. पूजा, वारी, उपास, कीर्तन यांना तो कायदा हात लावत नाही; शोषणाला लावतो. घरातली रेघही तिथेच असावी.

सांगताना कसं सांगायचं, हेही महत्त्वाचं. डॉ. श्रीराम लागू आणि दाभोलकर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम घेऊन महाराष्ट्रभर फिरले. व्यासपीठावर लागू ईश्वर ही कल्पनाच नाकारत. दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, तिचा विरोध फसवणुकीला आणि शोषणाला आहे. एकाच बाजूची दोन माणसं श्रोत्यांसमोर आपला मतभेद मोकळेपणाने मांडत. घरात जेवताना असं जमलं पाहिजे. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर वाद काढू नका. एरवीच्या एखाद्या संध्याकाळी आईजवळ बसा आणि आधी तिला विचारा, ‘तुला पूजेतून काय मिळतं?’ उत्तर पूर्ण ऐका. बऱ्याचदा ती देवाबद्दल फारसं बोलणारच नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास माझा असतो, असं म्हणेल.

मुलं विचारतात, ‘देव खरंच आहे का?’ खरं उत्तर द्या: ‘मला माहीत नाही, मला तसं वाटत नाही, आजीला वाटतं, आणि तू मोठा होऊन ठरव.’ खोटं बोलू नये याचं कारण देव शिक्षा करतो असं न सांगता, समोरच्याचा आपल्यावरचा भरवसा जातो असं सांगा. कारण दिलेला नियम मूल तपासू शकतं, आणि तपासलेला नियम पुढे टिकतो.

आता जन्म, लग्न आणि मरण. श्रद्धा गेल्यावर माणसं या प्रसंगी सर्वांत जास्त उघडी पडतात, कारण विधी नको म्हणताना त्या जागी काय करायचं याचा विचार झालेला नसतो. लग्नाचा मार्ग तसा सोपा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. ज्यांना समारंभही हवा आहे त्यांच्यासाठी सत्यशोधक पद्धत आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीवाचून लग्नं लागू लागली. वधूवर एकमेकांना सर्वांसमोर वचन देतात, हा त्या विधीचा गाभा. ते वचन आयतं न घेता स्वतः लिहा, एवढीच माझी सूचना.

मरणाचा प्रसंग तसा नाही. दाभोलकरांना देहदान करायचं होतं. खुनामुळे शवविच्छेदन करावं लागलं आणि ती इच्छा राहून गेली. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीशिवाय अंत्यसंस्कार झाले, अग्नी दिला तो मुलीने, मुक्ताने, आणि रक्षा शेतात विखुरली गेली. एवढ्या आघातातही त्या कुटुंबाला काय करायचं हे ठाऊक होतं, कारण त्या घरात याबद्दल आधीपासून बोलणं झालेलं होतं. तुमच्या घरात झालं आहे का? नसेल, तर मरणाच्या दिवशी सगळे निर्णय शेजारचे काका आणि गुरुजी मिळून घेतील, आणि त्या क्षणी तुमच्यात ‘नको’ म्हणायचं बळ नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. कोणीतरी पुढे व्हावंच लागतं.

म्हणून माहिती हाताशी ठेवा. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन नातेवाइकांनीच करायचा असतो, म्हणून तुमची इच्छा त्यांना माहीत हवी आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला हवा. पंखा बंद ठेवायचा आणि पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, एवढं तरी तोवर करायचं असतं. देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडून अर्ज घेऊन आधी भरून ठेवता येतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही, म्हणून दुसरा पर्यायही लिहून ठेवा. आणि तेरा दिवसांना पर्याय काय? ते तेरा दिवस घरात माणसांची ये-जा राहते, चूल शेजारचे सांभाळतात, दुःखात असलेल्याला एकटं सोडलं जात नाही. विधी वगळा, पण ही ये-जा वगळू नका. रोज संध्याकाळी एक तास दार उघडं ठेवा, गेलेल्या माणसाबद्दल प्रत्येकाने एक आठवण सांगावी, मुलांनीही. ज्यांनी विधी टाळताना माणसंही टाळली, त्यांचं दुःख पुढे फार लांबलेलं मी पाहिलं आहे.

हीच गोष्ट एरवीच्या जगण्यालाही लागू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्यांनी अभ्यास केला, आणि अखेर निवडला तो देवावाचूनचा धम्म. पण तिथेही त्यांनी माणसाला एकट्या बुद्धीच्या भरवशावर सोडलं नाही. पंचशील दिलं, बावीस प्रतिज्ञा दिल्या, संघ दिला. नीतीला सर्वांनी मिळून पवित्र मानलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. एवढ्या मोठ्या बुद्धिवाद्याला जी गरज दिसली, ती आपल्याला नाही असं समजू नये. देवळात जाणाऱ्याला आठवड्याला चार ओळखीचे चेहरे भेटतात. तुम्ही जात नसाल, तर ते चेहरे तुम्हाला ठरवून मिळवावे लागतील. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जवळची शाखा, वाचनाचा गट, वस्तीतली अभ्यासिका, व्यसनमुक्तीचं काम, रक्तदानाचा चमू, काहीही. अट एकच ठेवा, तिथे न गेल्यास ‘का आला नाहीस?’ असं विचारणारं कोणीतरी असावं.

आणि रात्रीची भीती? ती येते. आजारपणात येते, मूल उशिरा घरी येतं तेव्हा येते. पूर्वी नामस्मरणाने शांत होणारं मन आता कशाने शांत करायचं? मी खोटा दिलासा देणार नाही. परलोकाचं आश्वासन होतं तेवढं सांत्वन विवेक देत नाही. श्वासावर लक्ष ठेवणं, एखाद्या मित्राला उठवून बोलणं, सकाळी कुणासाठी तरी ठरलेलं काम असणं, एवढी साधनं आहेत, आणि ती पुष्कळ उपयोगी पडतात. जुना अभंग म्हणून बरं वाटत असेल तर म्हणा. तुमच्या विचारांशी ती गद्दारी होत नाही. पण पोकळी नुसती विचारांची न राहता झोप आणि भूक उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न मानू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्यांना बसवा आणि एक कागद घ्या. माझ्या मागे काय करायचं, नेत्रदान, देहदान, विधी हवा की नको, कुणाला कळवायचं, ते स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख घालून सही करा. मग तोच प्रश्न आईला विचारा आणि तिला विधी हवे असतील तर तेही तसेच, तिच्या शब्दांत लिहून घ्या. तिची वेळ येईल तेव्हा ते सगळे पार पाडा.